कांचन टॉकीजची मागची भिंत

"शो कॅन्सल आहे, मॅडम."

तिकीटखिडकीच्या जाळीमागून आवाज आला, तेव्हा ऋग्वेदा पर्समध्ये सुट्टे चाचपत होती. तिने मान वर केली. जाळीपलीकडे बाह्या दुमडलेल्या शर्टातला, तिशी नुकतीच ओलांडलेला एक तरुण बसला होता. चेहरा गंभीर, डोळे मात्र गंभीर व्हायला तयार नव्हते.

"कॅन्सल का? बोर्डावर तर साडेबाराचा लिहिलाय."

"दहा तिकिटं गेली तरच मशीन लावायचं, असा नियम आहे इथला. सातच गेलीत."

ऋग्वेदाने मागे वळून लॉबीत नजर फिरवली. एक जोडपं, दोन म्हातारे, आणि भिंतीला टेकून पेंगणारे दोन हातगाडीवाले.

"इथे तर सहाच दिसतायत."

"सातवे आत जाऊन झोपलेसुद्धा. त्यांना शो झाला काय, न झाला काय…"

तिला हसू आलं. "मग मला तीन द्या."

"अजून दोघं कोण?"

"एका खुर्चीत मी, दुसरीत माझी बॅग. आणि तिसरीत…" ती क्षणभर अडली. "बघू. कुणी आलं तर."

त्याने तिकिटं फाडून जाळीखालून सरकवली. "मीच आलो असतो. पण मशीन चालवायलाही मीच आहे."

खरं तर ऋग्वेदा सिनेमा बघायला आलीच नव्हती. जुन्या इमारती तपासायच्या, त्यांच्या दुखण्यांवर उपाय सुचवायचे, हे तिचं काम. प्रभादेवीला घर, फोर्टला ऑफिस, आणि सगळा जीव जुन्या भिंतींमध्ये. लालबागच्या कांचन टॉकीजच्या मालकीणबाईंनी तिच्या ऑफिसकडे एक अहवाल मागितला होता. ही वास्तू राखावी की पाडावी? बिल्डरला त्यांना मेअखेर उत्तर द्यायचं होतं. आता फेब्रुवारी सरत आला होता. कुठल्याही कामाआधी एकदा साध्या माणसासारखं त्या जागेत जाऊन बसायचं, अशी तिची पद्धत होती.

बाल्कनीत ती एकटीच होती. पडद्यावर कोण कुणाला का मारत होतं, तिला कळलं नाही. लांब दांड्यांचे पंखे वरून संथ फिरत होते. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर प्लास्टरमध्ये नारळाच्या झावळ्या घडवलेल्या होत्या आणि त्या वर जाता जाता छताच्या मध्यावर एकमेकींना भेटत होत्या. एका कोपऱ्यात ओल होती, एक झावळी अर्धी गळली होती. पण बाकीचं सगळं… बाकीचं सगळं इतकं सुंदर होतं, की तिची मान दुखायला लागली तरी खाली येईना.

इंटरव्हलचे दिवे लागले. रांगेच्या टोकाला तो उभा होता, हातात चहाचे दोन ग्लास.

"पिक्चर समोर आहे, मॅडम. तुम्ही तासभर छताकडे बघताय."

"तुम्ही तासभर माझ्याकडे बघत होतात?"

तो गडबडला. "केबिनच्या झरोक्यातून… फोकस बघावा लागतो."

"बॅगेच्या पलीकडची खुर्ची रिकामी आहे," ती म्हणाली. तिने आपलं कार्ड पुढे केलं, कारण आता लपवणं बरं दिसत नव्हतं.

त्याने कार्ड वाचलं. "ऋग्वेदा. बाकीचे तीन वेद घरी का?"

"एकुलती एक आहे."

"मग बरं. चौघांना चहा परवडला नसता." आणि मग, कार्ड खिशात ठेवता ठेवता, जरा हळू आवाजात, "म्हणजे निकाल तुम्ही देणार तर."

"निकाल नाही हो. नुसता अहवाल."

"मी हितेंद्र परब," तो म्हणाला. "तिकिटं, मशीन, फ्यूज, उंदीर… सगळं माझ्याकडे."

*

पुढच्या सोमवारपासून मोजमाप सुरू झालं. सकाळी शो नसायचा, त्यामुळे नऊ ते बारा हॉल त्या दोघांचाच. ती लेझरचं मीटर भिंतीला टेकवून लाल ठिपका समोर सोडायची, आकडा वाचायची, आणि तो मोठ्या वहीत मोत्यासारख्या अक्षरात लिहून घ्यायचा.

लिहिता लिहिता तो बोलत राही. कांचन उभं राहिलं तेव्हा आजूबाजूला गिरण्याच गिरण्या. इथल्या शोची वेळ घड्याळावर ठरत नसे, भोंग्यावर ठरे. पाळी सुटली की वीस मिनिटांनी पिक्चर सुरू, कारण कामगाराला अंगावरचा कापूस झटकून, तोंड धुऊन यायला तेवढा वेळ लागायचा. त्याचे वडील, लवू परब, अडतीस वर्षं इथे ऑपरेटर होते. तेव्हा मशीनमध्ये कार्बनच्या कांड्या जळायच्या. त्यांचा उजेड पांढरा राहावा म्हणून दर काही मिनिटांनी त्या सरकवाव्या लागत. बाबांनी आयुष्यात एकही सिनेमा सलग पाहिला नाही, हितेंद्र सांगत होता. डोळा पडद्यावर कमी आणि कांडीवर जास्त.

"आणि तुम्ही?"

"मी अभ्यास त्या केबिनमध्येच केला. खोलीत पाच माणसं होती… इथे निवांत असायचं." तो हसला. "मारामारी सुरू झाली की गणितं पटापट सुटायची."

मार्च लागला आणि गल्लीत मिरच्या भाजायला सुरुवात झाली. खिडक्यांच्या फटींतून तो तिखट धूर हॉलमध्ये यायचा आणि ऐन मोजणीच्या वेळी दोघांनाही शिंका फुटायच्या. ठिपका हलायचा, आकडा चुकायचा.

"पुन्हा घ्या," तो म्हणायचा.

"तुम्ही शिंकलात म्हणून."

"तुम्ही आधी शिंकलात. माझी सोबत होती फक्त."

असं करत करत वीस दिवसांचं काम पंचवीस दिवस चाललं. ऑफिसमधली सलोनी एकदा म्हणालीच, "एवढं मोठं आहे का गं ते थिएटर?" ऋग्वेदाने नुसतीच पेन्सिल टोकायला घेतली. घरी आरशासमोर कानातले बदलताना मात्र तिला तो प्रश्न पुन्हा आठवला आणि ती स्वतःशीच लाजली.

सव्विसाव्या दिवशी गोष्ट वेगळीच झाली. ती लॉबीतल्या बाकावर वही उघडून बसली होती. कपाळावर आठी.

"काय झालं?" हितेंद्रने विचारलं.

"बाहेरच्या गल्लीतून मोजलं तर इमारत एकशे अडुसष्ट फूट लांब भरते. आतून, दरवाजापासून पडद्यामागच्या भिंतीपर्यंत, एकशे सव्वीस. भिंतींची जाडी धरली तरी अडतीस-चाळीस फूट कुठेच सापडत नाहीत."

"शिंकलो असणार."

"हितेंद्र, चाळीस फुटांची शिंक नसते."

तो विचारात पडला. मग म्हणाला, "मागे गोडाऊन आहे म्हणायचे बाबा. पण त्याला दारच नाही. आमच्या चाळीतून नुसती आंधळी भिंत दिसते."

गिरगावात राहणाऱ्या मालकीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, बघा काय बघायचंय ते. पडद्यामागची भिंत तागाच्या जाड फळ्यांनी मढवलेली होती, आवाज घुमू नये म्हणून. तिसरी फळी काढली आणि मागे विटांऐवजी लाकूड लागलं. दार होतं. हितेंद्रने पहारीने चौकट सैल केली, खांदा लावला. दार कुरकुरलं आणि एकदम आत गेलं. त्याच्यामागोमाग तोही. आणि त्याचा हात धरून ठेवलेला, म्हणून ऋग्वेदासुद्धा.

धूळ बसायला वेळ लागला. टॉर्चच्या उजेडात आधी फळ्यांची जमीन दिसली. मग वर, खूप वर, लाकडी कप्प्या आणि लोंबणारे दोर.

"हे गोडाऊन नाही…" ती कुजबुजली. "रंगमंच आहे. कांचन आधी नाटकगृह होतं!"

बाजूला एक लांबट खोली होती. पारा उडालेले आरसे, खाली फळी, आणि भिंतीवर ओळीने खुंट्या. प्रत्येक खुंटीवर तेलरंगात नाव. हितेंद्रने बोटाने धूळ पुसून एकेक वाचायला सुरुवात केली. "गणपती… सरस्वती… ब्रह्मदेव… संकासूर…" त्याचा आवाज बदलला. "दशावतार. आमच्या गावाकडचं. गिरणीतली माणसं इथे दशावतार करायची, ऋग्वेदा. आणि आम्हाला कुणाला माहीतच नाही."

त्याने पहिल्यांदाच तिला मॅडमशिवाय हाक मारली होती. ती वळली. तिच्या भुवईवर पांढरी धूळ बसली होती. त्याने हात उचलला, अर्ध्यात थांबवला… आणि खिशातला रुमाल काढून तिच्या हातात दिला.

"भुवईवर," तो म्हणाला. "डाव्या."

तिने मुद्दाम उजवी पुसली. तो तसाच उभा राहिला. शेवटी त्यानेच रुमाल घेऊन डावी पुसली, अगदी अलगद, जुन्या रंगाला हात लावावा तशी.

*

चार दिवसांनी ती गिरगावात मालकीणबाईंकडे, राजलक्ष्मीबाईंकडे गेली. ऐंशीच्या घरातल्या, कडक इस्त्रीची साडी नेसणाऱ्या, आणि बोलण्यातही तशीच इस्त्री असणाऱ्या बाई. रंगमंचाचे फोटो त्यांनी भिंगातून बघितले.

"मामंजी सांगत असत खरे. सिनेमा आला तेव्हा नाटक चालेना, म्हणून त्यांनी मागचा भाग बंद करून टाकला." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "एक सांगू? मला ती इमारत कधी फार आवडली नाही. तिथे येणारी माणसं आवडायची. आता बिल्डर म्हणतो, माणसांनीच पाडायला सांगितलंय."

"कोणत्या माणसांनी?"

बाईंनी एक फाइल पुढे सरकवली. थिएटरच्या मागे लागून असलेल्या चाळीतल्या बेचाळीस बिऱ्हाडांचं संमतिपत्र होतं. कांचन टॉकीज पाडून चाळीसकट एकच नवी इमारत बांधावी, यास आमची हरकत नाही. खाली सह्या. सगळ्यांत वर, चाळ कमिटीचे सेक्रेटरी म्हणून, मोत्यासारख्या अक्षरात… हितेंद्र लवू परब.

तारीख गेल्या दिवाळीची होती.

ऋग्वेदाने फाइल मिटली. पाणी मागितलं, पण प्यायलं नाही. गिरगावातून लालबागपर्यंत टॅक्सीत तिला काहीच दिसलं नाही. डोळ्यांसमोर फक्त ते अक्षर.

मॅटिनी नुकती सुरू झाली होती. ती थेट केबिनमध्ये गेली.

"तुम्ही सही केलीत?"

त्याने विचारलं नाही, कसली. मशीनकडे बघतच म्हणाला, "हो."

"आणि महिनाभर मला झावळ्या दाखवत होतात? भोंग्याच्या गोष्टी सांगत होतात? का? मी मोजत होते ते… सगळं गंमत म्हणून?"

"सगळं खरं सांगितलं मी."

"एक सोडून."

तो वळला. पडद्यावरच्या उजेडाचे तुकडे झरोक्यातून त्याच्या चेहऱ्यावर पडत होते. "घाबरलो होतो. तुम्ही मग इथे आला नसतात. म्हणजे, आला असतात… कामाला. पण अशा नाही." तो थांबला. "शो सुटला की दहा मिनिटं द्या मला. मग हवं तर पुन्हा बोलू नका."

शो सुटल्यावर तो तिला मागच्या चाळीत घेऊन गेला. गॅलरीला खालपासून वरपर्यंत लोखंडी टेकू लावलेले होते. जिन्याच्या पायऱ्या मध्ये झिजून खोलगट झाल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत त्याची आई बसली होती. मालनताई. दोन्ही गुडघ्यांना पट्टे, आणि डोळे हितेंद्रसारखेच, गंभीर व्हायला तयार नसलेले.

"ये गो, बस. हितू सांगी तुज्याबद्दल. जिनो चढान दमलंस मां?"

ऋग्वेदा बसली. मालनताईच बोलल्या, कांदा चिरता चिरता. "आमच्या ह्यांनी अडतीस वर्सां त्या केबिनीत काढली. माका थेटर आवडता गो. पण बालदी घेवन गॅलरीच्या त्या टोकाक जावचा म्हणजे जीव मेटाकुटीक येता. गेल्या पावसाळ्यात थयंच पडलंय."

हितेंद्र दाराशी उभा होता. "दुरुस्ती होणार नाही इतकी चाळ गेलीय. नुसत्या चाळीच्या जागेवर कुणी बिल्डर येत नाही. जागा अरुंद आहे, आगीचा बंब फिरायला वाट राहत नाही. थिएटरची जागा मिळाली तरच नवी इमारत होते. बेचाळीस बिऱ्हाडं आहेत, ऋग्वेदा. सही करताना दोनदा पेन खाली ठेवलं. तरी केली. तुम्हाला फक्त थिएटर दिसतं… मला रोज दोन्ही दिसतात."

ती उठली, गॅलरीत आली. समोरच, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, कांचनची आंधळी भिंत उभी होती. महिनाभर ती त्या भिंतीच्या आतल्या बाजूला होती. बाहेरून ती कशी दिसते, हे तिने आज प्रथम पाहिलं. चाळीवर येणारं सगळं ऊन अडवून उभी होती ती.

जेवून जा, असं मालनताई म्हणाल्या. पण ती निघून आली.

*

त्यानंतर दोन आठवडे ती कांचनला गेली नाही. हितेंद्रचा एकच मेसेज आला. 'वही माझ्याकडे राहिलीय. पाठवू?' तिने उत्तर दिलं, 'राहू दे.' मग त्या दोन शब्दांकडे ती बराच वेळ बघत बसली. राहू द्या लिहायचं होतं खरं तर.

ऑफिसच्या टेबलावर दोन नकाशे पसरलेले असत. थिएटर आणि चाळ. ती पेन्सिलने आखायची, खोडायची. नवी इमारत पूर्वेला सरकवून पाहिली, अरुंद करून पाहिली, लॉबीतून वाट काढून पाहिली. कशानेही जमेना. चाळीला हवी होती मागच्या बाजूची साधारण चाळीस फुटांची पट्टी. तेवढी मिळाली, की बंबाला वाट, इमारतीला रुंदी, खोल्यांना ऊन. सगळं बसत होतं. आणि पुढचा अख्खा हॉल, बाल्कनी, झावळ्या, सगळं जसंच्या तसं उरत होतं.

फक्त ते चाळीस फूट म्हणजे तो रंगमंच होता.

तिच्या सहा वर्षांच्या नोकरीत तिला सापडलेली सगळ्यांत मौल्यवान गोष्ट. ती लोकांसमोर आली असती तर ऋग्वेदाचं नाव झालं असतं. वारसा वास्तू ठरलेल्या थिएटरच्या एका विटेलाही मग कुणी हात लावू शकलं नसतं, आणि गॅलरीच्या टोकाला बालदी घेऊन जाणारी बाई तशीच जात राहिली असती. आणखी किती वर्षं, कुणास ठाऊक.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी ती कांचनला आली. हितेंद्र लॉबीत बोर्डाची अक्षरं बदलत होता. तिला पाहिलं तसा तो शिडीवरून उतरला, घाईत एक पायरी चुकला.

"लागलं?"

"नाही. …हो. थोडं."

तिने नकाशा तिकीटखिडकीच्या फळीवर पसरला आणि सगळं सांगितलं. तो ऐकत गेला. शेवटी त्याचं बोट त्या पट्टीवर येऊन थांबलं.

"म्हणजे स्टेज जाणार."

"हो."

"नाही." तो एकदम म्हणाला. "असं लिहू नकोस तू. दुसरं काहीतरी काढ."

"काढलं रे. सतरा वेळा काढलं."

"अठराव्यांदा काढ. नावं आहेत त्या खुंट्यांवर! आपल्याला सापडलंय ते, ऋग्वेदा…"

"तू तर अख्खं थिएटर द्यायला निघाला होतास."

"तेव्हा माहीत नव्हतं." त्याने नकाशाची कड बोटाने सरळ केली. "आणि तेव्हा तू नव्हतीस."

बाहेर कुणीतरी मिरच्या कांडत होतं. डंकाचा आवाज एका लयीत येत होता.

"ऐक," ती हळूच म्हणाली. "खुंट्या, आरसे, कप्प्या, दोर, सगळं उतरवून ठेवायचं. प्रत्येक फळी मोजायची, फोटो काढायचे. बाईंनी तयारी दाखवली तर लॉबीत ती खोली जशीच्या तशी मांडता येईल. पडद्यापुढे छोटं व्यासपीठ होईल. पण भिंत जाईल. मला ती वाचवता येत नाही आणि मी ती वाचवणारही नाही. तुझ्या आईला ऊन मिळायला हवं."

त्याने मान खाली घातली. नकाशावर पाण्याचा एक थेंब पडला. तो त्याने घाईघाईने पुसला आणि एक रेघ पसरली.

"खराब झालं."

"होऊ दे. माझ्याकडे कॉपी आहे," ती म्हणाली, आणि त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

राजलक्ष्मीबाईंनी अहवाल दोनदा वाचला. मग चष्मा काढला. "बिल्डरला पूर्ण जागा नाही मिळणार म्हणजे तो चिडणार."

"हो."

"चिडू दे. मागची पट्टी चाळीला देऊन टाकते. पुढचं थिएटर चालू राहील, मी आहे तोवर आणि नंतरही. तसं लिहून ठेवते." त्या किंचित हसल्या. "बांधायला दुसरा कुणी शोधू आपण. आणि एक अट आहे माझी. पाडण्याआधी तिथे एकदा नाटक झालं पाहिजे. मी पाहिलेलं नाही."

*

मेच्या तिसऱ्या रविवारी, दुपारी चार वाजता, कांचनचा सिनेमाचा पडदा काढून ठेवला गेला. पडद्यामागची भिंत तोडून रंगमंच मोकळा केला होता. चाळीतल्याच म्हाताऱ्या माणसांनी, ज्यांनी तरुणपणी गावच्या जत्रेत कामं केली होती, दशावतार उभा केला. मालनताईंना खुर्चीत बसवून चौघांनी तिसऱ्या मजल्यावरून खाली आणलं. नवऱ्याने जिथे आयुष्य काढलं त्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत त्या राजलक्ष्मीबाईंच्या शेजारी बसल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहून मान हलवली आणि लगेच पानाच्या डब्यावरून बोलणं सुरू झालं.

ऋग्वेदा विंगेत उभी होती. शेजारी हितेंद्र. मृदंग असा कडाडत होता की पायांखालच्या फळ्या थरथरत होत्या. तोंडाला काळं फासलेला, लाल जिभेचा संकासूर रंगमंचभर नाचत होता आणि पोरंटोरं किंचाळत होती.

हितेंद्र तिच्या कानाशी वाकला. "मला एक सांगायचंय."

"काय?"

"मी म्हटलं, सांगायचंय!"

"ऐकू येत नाही!"

त्याने छातीत श्वास भरला. "मला तू आवडतेस!"

आणि नेमका त्याच क्षणी मृदंग थांबला.

सगळ्या हॉलने ते ऐकलं. संकासूर गर्रकन वळला, कमरेवर हात ठेवून विंगेकडे बघत राहिला, मग लोकांकडे वळून म्हणाला, "गजाल बघा! तोंड काळा करून सोंग घेतलंय मी, आणि खरा नाटक थयं विंगेत चालला हा!"

हॉल कोसळला. शिट्ट्या, टाळ्या, बाल्कनीतून कुणाची तरी आरोळी. हितेंद्र पडद्याच्या दोरामागे तोंड लपवायला जागा शोधत होता. ऋग्वेदाच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. तिला हसू येत होतं, आणि का कोण जाणे, डोळेही भरून येत होते. ती बोलायला गेली, तोवर मृदंग पुन्हा सुरू झाला होता.

प्रयोग संपला. माणसं पांगली. राजलक्ष्मीबाई जाताना खुंट्यांच्या खोलीत एकट्याच पाच मिनिटं उभ्या राहून गेल्या. मालनताईंना पुन्हा वर नेलं. उन्हं कलली होती. चाळीच्या चौकात ती दोघंच उरली, आणि वर तीन मजल्यांच्या गॅलऱ्यांतून रेलून उभी असलेली, कपडे काढण्याच्या निमित्ताने रेंगाळणारी बेचाळीस बिऱ्हाडं.

"पुढच्या महिन्यात आम्ही वडाळ्याला जाऊ," हितेंद्र चपलेच्या टोकाकडे बघत म्हणाला. "नव्या बिल्डरने दिलेल्या तात्पुरत्या खोल्यांत. तीन वर्षं म्हणतायत… चारही होतील. तुला तिथून प्रभादेवी काही लांब नाही, पण… मघाशी मी जे ओरडलो, त्याचं उत्तर आत्ताच दे असं नाही. तू विचार कर. घरी बोल. मी—"

"हितू!" वरून हाक आली. मालनताई कठड्याला धरून उभ्या होत्या. "ती जेवूक थांबता मां? भाकऱ्यांचा पीठ मळूचा हा!"

हितेंद्रने ऋग्वेदाकडे पाहिलं. साऱ्या गॅलऱ्यांनी ऋग्वेदाकडे पाहिलं. मग तिने पुढे होऊन, सगळ्यांच्या देखत, त्याचा हात हातात घेतला आणि मान वर करून, जमेल तशा मालवणीत, मोठ्याने सांगितलं,

"थांबतंय!"